काटा हलत नाही तेव्हा

वजन कमी करायला लागणे अवघड नाही. पाडव्याला, महिन्याच्या एक तारखेला, किंवा डॉक्टर रागावले की दुसऱ्या दिवशी पुष्कळ जण लागतात. अवघड असते ते लागून राहणे.

ज्यांनी कधी प्रयत्नच केला नाही, त्यांच्यासाठी हा धडा नाही. पाच वर्षे, दहा वर्षे प्रयत्न करून जे थकले, त्यांच्यासाठी आहे. लिंबू-मध घेऊन झाले, एकादशीला जोडून सोमवार-गुरुवार धरून झाले, रात्रीचे जेवण सोडून झाले. वजन उतरले आणि परत चढले. असे झाले की माणूस म्हणतो, "मास्तर, आता काही सांगू नका. आमची हाडंच जड." हाडांचा यात फारसा दोष नाही. मग दोष कशाचा आणि उपाय कोणता, ते आपण पाहू.

वजन वाढले कसे

पूर्वी आपल्या बागलाणातली माणसे सटाण्याच्या बाजाराला दोन-तीन कोस चालत येत. बायका पहाटे जात्यावर बसत. विहिरीचे पाणी शेंदावे लागे, मोट हाकावी लागे. एवढे कष्ट करून ताटात काय, तर बाजरीची भाकरी, ठेचा आणि असली तर भाजी.

आज मोटर बटणावर चालू होते. पीठ गिरणीतून येते. मळ्यात जायला मोटारसायकल आहे. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले, त्यासाठी कोणी रडू नये. पण कष्ट कमी होत असताना ताट मात्र वाढत गेले. भाजीवर तेलाचा तवंग आला. चहा दोनाचा पाच वेळा झाला. शेव, फरसाण, बिस्किटे घरात कायमची आली.

थोडा हिशेब करू. रोज पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा तेल जास्त पोटात गेले, तर वर्षाचे १,८२५ ग्रॅम होते. पावणेदोन किलोच्या वर. ते सगळेच अंगावर चढते असे नाही, पण असे चमचे दिवसात किती असतात? माणूस एका लग्नाच्या पंगतीने जाड होत नाही. रोजच्या चमच्याने होतो.

काळजी कशाची

अंगाने भरलेले माणूस वाईट दिसते म्हणून आम्ही हे लिहीत नाही. दिसण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे मधुमेहाचा, रक्तदाबाचा, हृदयाचा आणि गुडघ्यांचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात मधुमेहाची माणसे १० कोटींच्या वर आहेत. एका घरात एकाला मधुमेह झाला की औषध, तपासणी आणि बुडालेली मजुरी हे सारे घरावर येते.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती सोप्या रीतीने दाखवली. २००४ साली त्यांनी आपला आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपल्याकडची पुष्कळ माणसे असतात. ही चरबी बहुधा पोटात साठते आणि पोटातली चरबी जास्त घातक असते.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

उतरलेले वजन परत का चढते

उन्हाळी कांदा चाळीत भरला की काही दिवसांत त्याचे वजन घटते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. कांद्याची संख्या तीच असते. घटते ते बरेचसे पाणी.

शरीराचेही पहिल्या आठ-दहा दिवसांत असेच होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवलेली असते, आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी असते. खाणे कमी केले की आधी ही साखर खर्च होते आणि ते पाणी निघून जाते. काटा भराभर एक-दोन किलो उतरतो. माणूस खूश होतो. मग खऱ्या चरबीची पाळी येते. ती सावकाश जाते आणि काटा हलेनासा होतो. उपाय लागू पडत नाही, असे वाटून माणूस सोडून देतो. खरे म्हणजे काम त्याच वेळी सुरू झालेले असते.

दुसरे कारण दुष्काळाचे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की कणगीत धान्य कमी झाले की घरची बाई हात आखडता घेते. शरीरही तेच करते. तुम्ही सटाण्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी खाता, हे शरीराला कळत नाही. त्याला वाटते दुष्काळ पडला. ते भूक वाढवते आणि खर्च कमी करते.

ही नुसती कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ५० माणसांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवले. २०११ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यात असे दिसले की वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी शरीरातली द्रव्ये पूर्वीच्या पातळीवर आली नव्हती. अमेरिकेत दूरदर्शनवर वजन घटवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते. शिवाय त्यांचे शरीर बसल्या जागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. म्हणजे चार-पाच लहान पोळ्यांइतका खर्च शरीराने वाचवला होता. ही माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली.

तेव्हा वाचकहो, हे ध्यानात ठेवा. वजन परत चढले म्हणजे तुम्ही आळशी, तुम्ही जिभेचे गुलाम, असे होत नाही. शरीराने आपले जुने काम केले, इतकेच. चढावर गाडी ओढताना बैलाला दम लागतो, त्यात बैलाचे काय चुकले? मात्र चढ आहे हे आधी कळले, तर आपण बेताने हाकतो आणि मधे थांबलो तर चाकाला दगड लावतो.

कोणता आहार खरा

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात फार गाजला. नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकर हे मोठे विद्वान. २००४ साली अपघातात ते गेले. दिवसात दोनच वेळा, खरी भूक लागेल तेव्हा जेवावे, मधे काही खाऊ नये, असे ते व्याख्यानांतून सांगत. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार उचलला. दोन जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि जोडीला रोजचे चालणे, असा तो नेम. २०१८ च्या सुमारास तो गावोगाव पोहोचला. पुष्कळांना गुण आला. त्याच वेळी दुसरे जाणकार सांगत होते की थोडे थोडे वरचेवर खावे. लोक गोंधळले. आज हे, उद्या ते करू लागले आणि शेवटी दोन्ही सुटले.

याचे उत्तर अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका प्रयोगात मिळते. तिथे १६० माणसांना चार निरनिराळ्या आहारांवर ठेवले. वर्षाअखेर त्यांतले ९३ जण टिकले. २००५ साली निष्कर्ष आला, तो असा, की कोणता आहार घेतला यापेक्षा तो किती पाळला, यावर वजन जास्त अवलंबून होते. म्हणून तुमच्या घराला, कामाला आणि खिशाला जो वर्षभर झेपेल, तो आहार तुमचा. पहाटे द्राक्षबागेत फवारणीला जाणाऱ्याचा नेम आणि दुकानात बसणाऱ्याचा नेम एकच कसा असेल?

काट्यात न दिसणारी कमाई

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही दोनदा वाचा.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी ५३१ माणसे घेतली. या साऱ्यांची साखर काठावर होती. मधुमेह झाला नव्हता, पण होण्याच्या बेतात होता. काहींना नेहमीचाच सल्ला दिला. काहींना चालायला लावले, तेल-साखर कमी करायला लावली आणि वरचेवर विचारपूस केली. सुमारे तीन वर्षांनी पाहिले. ज्यांना नुसता सल्ला दिला होता, त्यांच्यात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी चालणे आणि पथ्य केले, त्यांच्यात शंभरातल्या ३९ जणांना झाला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले.

आणि त्यांचे वजन किती उतरले? जवळजवळ काहीच नाही!

याचा अर्थ नीट घ्या. काटा जागचा हलला नव्हता, तरी शंभरामागे सोळा माणसे मधुमेहापासून दूर राहिली. त्यांतल्या एखाद्याने महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून चालणे सोडले असते, तर? काटा जे दाखवतो ते खरे असते, पण सगळे खरे काट्यात दिसत नाही.

थोडे वजन उतरले तरी पुष्कळ होते. ८० किलोच्या माणसाने पाच टक्के, म्हणजे चार किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. गुडघ्याचा हिशेब तर आणखी गोड आहे. अंगाचे एक किलो उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस किलो, म्हणजे डाळिंबाचा भरलेला एक क्रेट. तो क्रेट डोक्यावर घेऊन सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणे आणि मोकळ्या डोक्याने चढणे यात किती फरक आहे, ते ज्याचे त्याने समजून घ्यावे.

उत्साह आणि नेम

आम्ही रात्रीचे साक्षरता वर्ग घेतले आहेत. पहिल्या आठवड्यात ओटा भरून माणसे येत. तिसऱ्या आठवड्यात निम्मी. 'घ' आणि 'ध' यांत घोटाळा होई, हात दुखे, कोणी हसे. जी माणसे टिकली ती फार हुशार होती असे नाही. येण्याची वेळ झाली की ती पाटी घेऊन निघत. आज मन आहे का, हे ती मनाला विचारत नसत.

तुम्ही हा धडा वाचता आहात, हाच त्याचा पुरावा आहे. पन्नाशीत अक्षर शिकणारा माणूस काही रोज उत्साहाने शिकत नाही. तो नेमाने शिकतो. उत्साह येतो आणि जातो. नेम धरला तर उत्साह नसतानाही काम होते.

आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. बारा वर्षांत त्यांनी चार वेळा वजन उतरवले आणि चारही वेळा ते परत आले. थोरली बहीण मधुमेहाने पाय गमावून बसली, म्हणून त्यांच्या मनात धास्ती होती. पाचव्या वेळी त्यांनी वजनाचा आकडा ठरवलाच नाही. दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी देवमामलेदारांच्या मंदिरापर्यंत चालत जायचे आणि यायचे. आणि मुलांच्या ताटातले उरलेले आपण खायचे नाही. "अन्न वाया जातं म्हणून मी खात होते," त्या म्हणाल्या, "पण ते माझ्या अंगावर वाया जात होतं." आता त्या आधीच कमी शिजवतात. दोन वर्षांत पाच किलो उतरले. मधे चार महिने काटा हलला नाही, तरी त्या चालत राहिल्या. साखर आज हद्दीत आहे.

असेच दूरदेशीही दिसते. ज्यांनी साडेतेरा किलोंहून जास्त वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकवले, अशा माणसांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली गेली. त्यांतल्या बहुतेकांनी आधी प्रयत्न केले होते आणि ते फसले होते. तेव्हा आधी जमले नाही, म्हणजे पुढे जमणारच नाही, असे मुळीच नाही.

नेम कसा धरावा

नेम लहान असावा. "उद्यापासून गोड बंद" हा नेम नव्हे, ती शपथ झाली. शपथ पहिल्या बारशाला मोडते. "चहात दोनाऐवजी एक चमचा साखर" हा नेम. पाच कप चहा होत असेल, तर रोजचे पाच चमचे वाचले.

चालणे वेळेला बांधावे. आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतके भरभर. शेतात दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला वेगळे चालण्याची गरज थोडी. तिने तेल आणि साखर पाहावी.

तेल महिन्याचे मोजावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली साधारण माणसाच्या दिवसाच्या ताटासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झाले. तुमच्या घरी किती लागते? पिशवीवरचा आकडा आता तुम्हाला वाचता येतो. वाचा आणि बेरीज करा.

सणावाराला जेवावे. आखाजीला आमरस आणि खापराचे मांडे समोर आले, तर खावे आणि मन आनंदी ठेवावे. मांड्याने नेम मोडत नाही. "आता मोडलाच आहे, तर आठवडाभर मोडू" या विचाराने तो मोडतो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धरावा. चाकाला दगड लावतात तो हा.

सोबत असावी. शेजारीण, भाऊ, सून, कोणीही चालेल. आपण गेलो नाही तर दुसरा दाराशी उभा राहील, एवढ्यानेही पाय उचलतो.

घरच्यांनी काय करावे

हसू नये. "जाड्या", "ढोली" अशा हाका मारू नयेत. हिणवल्याने कोणाचे वजन उतरत नाही. माणूस लपून खातो आणि चालायला जायला लाजतो. एकाला वेगळी बेचव भाजी करून बाकीच्यांनी तेलाची खाऊ नये. सगळ्यांचीच भाजी कमी तेलाची करावी. घरातल्या बाईला चालायला अर्धा तास हवा असेल, तर त्या वेळी चहा दुसऱ्याने ठेवावा.

डॉक्टरांना केव्हा विचारावे

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण सोडले, तर साखर एकदम उतरून जिवाला धोका होतो. अशा माणसाने, गरोदर बाईने आणि मूल अंगावर पिणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. काही न करता वजन भराभर चढू किंवा उतरू लागले, तर तपासून घ्यावे. थायरॉइडच्या दुखण्याने आणि काही औषधांनीही वजन वाढते. 'महिन्यात दहा किलो' असे सांगून पूड किंवा काढा विकणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

वहीत लिहा

एक वही करा. तिच्यात रोज फक्त एक ओळ लिहायची. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करावे. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. ओळ अशी लिहावी:

सोमवार. चाललो, अर्धा तास. साखर एक चमचा.
मंगळवार. चाललो नाही, पाऊस. साखर एक चमचा.
बुधवार. लग्नाला गेलो, जेवलो. चाललो, अर्धा तास.

महिना झाला की वजनाचा आकडा पाहण्याआधी 'चाललो' हा शब्द किती वेळा आला, ते मोजा. पुढच्या महिन्यात तो एकदा जास्त यावा, एवढेच ठरवा. काट्यावर आपला हुकूम चालत नाही. या शब्दावर चालतो.

अभ्यास

१. पहिल्या आठवड्यात उतरते ते वजन बहुधा कशाचे असते?
२. चेन्नईच्या माणसांचे वजन उतरले नाही, तरी त्यांना कोणता लाभ झाला?
३. तुमच्या घरी महिन्याला किती तेल लागते? माणशी हिशेब करा.
४. आज संध्याकाळी वहीची पहिली ओळ लिहा.